आपला पक्ष येईल का? अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी गणपती उठले की माझ्या फोनवर हे प्रश्न सुरू होतात. मी न्यू जर्सीत राहतो. दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलाशेजारी मतदार नोंदणीचं टेबल लावून बसतो, म्हणून याला सगळं ठाऊक असणार असा लोकांचा समज आहे. विचारणारे डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांचे असतात, आणि पक्षाचं नाव झाकलं तर प्रश्न कुणाचा हे मला आजवर ओळखता आलेलं नाही. पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे, पण धाकधूक आत्तापासूनच सुरू झाली आहे. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी स्वतः कुणाचा ते विचारू नका, बायकोलाही मी नीट सांगितलेलं नाही.

१. देशभरात आमच्या उमेदवाराला जास्त मतं पडली तरी तो हरू शकतो, हे खरं आहे का?

हो, आणि हे आपल्या डोळ्यांदेखत दोनदा झालं आहे. २००० साली अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा ५ लाखांहून जास्त मतं होती. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त. गोर आणि क्लिंटन डेमोक्रॅटिक पक्षाचे, पण अध्यक्ष झाले रिपब्लिकन बुश आणि ट्रम्प.

इथला मतदार थेट अध्यक्ष निवडत नाही, आपल्या राज्याचे इलेक्टर निवडतो. एकूण इलेक्टर ५३८, बहुमताला २७० लागतात. इथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात, तिची दोन सभागृहं: प्रतिनिधीगृह आणि सिनेट. प्रतिनिधीगृहात राज्याचे जितके सदस्य, अधिक दोन सिनेटर, तितके त्या राज्याचे इलेक्टर. कॅलिफोर्नियाला ५४, वायोमिंगला ३, राजधानी वॉशिंग्टनलाही ३. जवळपास सगळीकडे जो पुढे त्याला राज्यातले सगळेच्या सगळे इलेक्टर मिळतात (अपवाद प्रश्न १८ मध्ये). म्हणजे कॅलिफोर्नियात तीस लाखांनी जिंका नाहीतर तीस मतांनी, पदरात ५४च.

२. मग टीव्हीवर देशभराचा आकडा बघायचाच नाही का? कुठे लक्ष ठेवायचं?

बघा, पण हवामानाचा अंदाज बघतो तसा. निकाल ठरतो तो काठावरच्या राज्यांत. २०२४ साली ती सात होती: पेनसिल्व्हेनिया (१९ इलेक्टर), नॉर्थ कॅरोलिना आणि जॉर्जिया (प्रत्येकी १६), मिशिगन (१५), ॲरिझोना (११), विस्कॉन्सिन (१०) आणि नेवाडा (६). ट्रम्प यांनी सातही घेतली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांना ३१२ विरुद्ध २२६ असं हरवलं.

आता फरक किती बारीक असतो ते पाहा. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाचे जो बायडन देशभरात ट्रम्प यांच्या ७० लाखांनी पुढे होते. पण जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली त्यांची आघाडी एकत्र केली तर ४३ हजारही भरत नाही. वानखेडे स्टेडियम भरून काही लोक बाहेर उभे राहतील, एवढीच माणसं. ती तीन राज्यं फिरली असती तर गाठ थेट प्रश्न १७ शी होती. २०१६ साली मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून फरक ७८ हजारांच्या आत होता, २०२४ साली याच तिघांत सुमारे २ लाख ३० हजार.

ही यादी कायमची नाही. फ्लोरिडा आणि ओहायो ही एकेकाळी काठावरच्या राज्यांतली सर्वांत मानाची. आता दोन्ही रिपब्लिकन पक्षाकडे झुकली आहेत आणि उमेदवार तिथे फारसे फिरकत नाहीत.

३. मी न्यू जर्सीत (किंवा कॅलिफोर्नियात, किंवा टेक्सासमध्ये) राहतो. माझ्या मताने काय फरक पडणार?

अध्यक्षपदापुरतं बोलायचं तर फार नाही, उगाच खोटं कशाला सांगू. पण बालेकिल्ल्यांच्या भिंतीही हलतात. न्यू जर्सी १९८८ नंतर एकदाही रिपब्लिकन उमेदवाराकडे गेलेलं नाही. तरी २०२० साली बायडन इथे १६ टक्क्यांनी पुढे होते आणि २०२४ साली कमला हॅरिस सहाच्याही आत. शिवाय त्याच मतपत्रिकेवर प्रतिनिधीगृहापासून शाळा मंडळापर्यंतची नावं असतात, आणि शाळा मंडळाची निवडणूक कधीकधी दोन-चार मतांवर जाते. तुमच्या मालमत्ता कराचा मोठा हिस्सा शाळांना जातो, हेही जाता जाता आठवा.

४. पोलमध्ये आमचा उमेदवार तीन टक्क्यांनी पुढे आहे. आता निर्धास्त व्हायचं का?

नाही. साधारण हजार लोकांचा पोल असेल तर प्रत्येक उमेदवाराच्या आकड्यात वरखाली तीन टक्क्यांची चूक धरलेली असते. दोघांमधल्या अंतरात ती चूक जवळपास दुप्पट होते. म्हणजे ४८ विरुद्ध ४५ या आकड्याचा अर्थ 'बहुधा पुढे, पण मागेही असू शकेल' एवढाच. आणि ही झाली फक्त नमुना निवडण्यातली चूक. फोनच न उचलणारे लोक कोणाचे, हा घोळ वेगळा, तो प्रश्न ७ मध्ये.

एकाच पोलवर जीव टांगू नका. २०२४ साली मतदानाच्या आधीच्या शनिवारी आयोवातला एक पोल आला. तो घेणाऱ्या ॲन सेल्झर यांचं नाव त्या राज्यात आदराने घेतलं जायचं. पोल म्हणत होता, हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे. माझ्या फोनवर एका बाजूचे पेढे आणि दुसऱ्या बाजूचे शिव्याशाप एकाच तासात येऊन पोचले. तीन दिवसांनी ट्रम्प यांनी आयोवा १३ टक्क्यांनी जिंकलं.

५. आमची जिंकायची शक्यता ७० टक्के सांगितली होती, तरी हरलो. फसवलं का आम्हाला?

शक्यता आणि मतांची टक्केवारी यांत गल्लत झाली की असं वाटतं. २०१६ साली एका प्रसिद्ध अंदाजाने शेवटच्या दिवशी क्लिंटन यांना साधारण ७१ आणि ट्रम्प यांना २९ टक्के शक्यता दिली होती. लोकांनी ते ७१-२९ अशा मतांसारखं वाचलं. पावसाची शक्यता तीस टक्के असताना छत्री घरी ठेवून भिजलात तर वेधशाळेला शिव्या देता येत नाहीत.

६. निवडणुकीला वर्ष आहे आणि आम्ही आत्ताच मागे आहोत. सोडून द्यायचं का?

१९८८ च्या जुलैमध्ये मायकेल डुकाकिस एका पोलमध्ये थोरल्या बुश यांच्या १७ टक्के पुढे होते. नोव्हेंबरात ते ४० राज्यांत हरले. वर्षभर आधीचा पोल म्हणजे साखरपुड्याआधी नातवाचं नाव ठरवणं. उमेदवार पक्के होऊन, दोन्ही पक्षांची अधिवेशनं आटोपून सप्टेंबर उजाडल्यावर आकड्यांना थोडा अर्थ येतो.

७. पोलवाले मुद्दाम आमच्या पक्षाला कमी दाखवतात ना?

चूक करतात, पण दर वेळी एकाच बाजूने नाही. २०१६ आणि २०२० साली ट्रम्प यांची मतं कमी धरली गेली. २०२० च्या पोलमधली चूक ४० वर्षांतली सर्वांत मोठी होती, असं पोल घेणाऱ्यांच्याच राष्ट्रीय संघटनेने नंतर तपासून सांगितलं. पण २०१२ साली उलटं झालं होतं. ओबामा अगदी जेमतेम पुढे दिसत होते आणि जिंकले जवळपास चार टक्क्यांनी.

२०१६ साली अनेक राज्यस्तरीय पोलनी शिक्षणाचा हिशेब नीट धरला नव्हता. कॉलेज केलेली माणसं पोलला जास्त उत्तरं देतात आणि नेमकी त्या वर्षी तीच क्लिंटन यांच्याकडे जास्त झुकली होती. पुढे ते सुधारलं, तरी जे लोक कुणालाच उत्तर देत नाहीत त्यांचं मन कसं ओळखणार? भारतातही २००४ आणि २०२४ या दोन्ही लोकसभांचे एक्झिट पोल आठवून बघा. तिथे तर मत देऊन बाहेर आलेल्या माणसालाच विचारलेलं असतं.

ज्यांना पोल नकोत ते ज्योतिषाकडे वळतात. अमेरिकेतही ती सोय आहे. ॲलन लिक्टमन नावाचे इतिहासाचे प्राध्यापक १३ 'किल्ल्या' लावून १९८४ पासून अंदाज सांगत आले आहेत. त्यांचा नावलौकिक मोठा. २०२४ ला त्यांनी हॅरिस सांगितलं होतं.

८. आमच्या ओळखीतले सगळे एकाच उमेदवाराला देताहेत, सभांना गर्दीही तुफान आहे. मग पोल वेगळं का सांगतात?

कारण तुमची ओळख म्हणजे देश नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात अडीचशे माणसं असतील, पण त्यातली दोनशे इंजिनिअर.

२०२४ च्या ऑक्टोबरात एका शनिवारी मी डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीत दारं ठोठावायला गेलो होतो (कुणासाठी, ते सांगणार नाही). यादीत ४२ घरं, दार उघडलं ११ जणांनी. एका घराच्या लॉनवर एका उमेदवाराची भलीमोठी पाटी, पायरीवर हॅलोविनचे भोपळे. मी परत फिरणार तेवढ्यात एक बाई बाहेर आल्या. मागचं दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पाटी त्यांची आहे. माझं मत माझं आहे." माझ्या कागदावर त्या घरासाठी एकच रकाना होता. ती काउंटी त्या वर्षी काही शे मतांनी फिरली. तेव्हापासून मी लॉनवरच्या पाट्या मोजणं बंद केलं आहे.

९. डिबेटमध्ये आमचा उमेदवार पार आपटला. संपलं का सगळं?

बहुतेक वेळा नाही. रेगन १९८४ ची पहिली डिबेट वाईट हरले आणि ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. ओबामा २०१२ च्या पहिल्या डिबेटमध्ये झोपेत असल्यासारखे होते, तेही निवडून आले. हॅरिस यांनी २०२४ च्या सप्टेंबरात ट्रम्प यांना डिबेटमध्ये मागे टाकलं असं बहुतेकांचं मत पडलं, आणि निवडणूक त्या हरल्या.

मोठा अपवाद २७ जून २०२४ चा. बायडन यांची ती डिबेट बघताना आमच्या दिवाणखान्यात दोन्ही पक्षांची माणसं होती आणि अर्ध्या तासात बोलणंच थांबलं. त्या रात्रीने नवीन काही सांगितलं नाही. वयाबद्दलची जी शंका लोक आधीपासून मनात बाळगून होते ती सगळ्यांनी एकदम पाहिली. डिबेट तेव्हाच घात करते.

१०. मग निवडणूक तोंडावर आली असताना उमेदवार बदलता येतो का?

येतो, पण दिवसागणिक अवघड होत जातं. बायडन यांनी २१ जुलै २०२४ ला माघार घेतली. तोवर पक्षाचं अधिवेशन व्हायचं होतं, म्हणून प्रतिनिधींनी ऑगस्टच्या सुरुवातीला हॅरिस यांना उमेदवारी दिली. अधिवेशन होऊन गेल्यावर जागा रिकामी झाली तर पक्षाची राष्ट्रीय समिती नवं नाव ठरवते. १९७२ साली डेमोक्रॅटिक पक्षाने उपाध्यक्षपदाचा उमेदवार असाच बदलला होता.

खरी अडचण मतपत्रिकेची. दर राज्याची मुदत वेगळी आणि सप्टेंबरात तर टपाली मतपत्रिका छापून निघू लागतात. रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रचार थांबवला, तरी मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव राहिलंच.

११. प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) आमचेच लोक एकमेकांवर तुटून पडलेत. याचा फटका बसतो का?

विद्यमान अध्यक्षालाच घरातून आव्हान मिळालं तर बसतो, असं इतिहास सांगतो. १९७६ साली फोर्ड यांना रेगन यांनी, १९८० साली कार्टर यांना टेड केनेडी यांनी, १९९२ साली थोरल्या बुश यांना पॅट ब्यूकॅनन यांनी आव्हान दिलं. तिघंही अध्यक्ष नोव्हेंबरात हरले. आव्हानामुळे हरले की आधीच कमकुवत होते म्हणून आव्हान मिळालं, यावर वाद घालत बसता येईल. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. जागा मोकळी असेल तर भांडण एवढं लागत नाही. ओबामा आणि क्लिंटन २००८ मध्ये जूनपर्यंत भांडत होते आणि ओबामा आरामात जिंकले.

१२. तिसरा उमेदवार आमची मतं खाईल का?

खाऊ शकतो. २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले आणि तिथे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती. पण हिशेब सरळ नसतो. २०१६ साली मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियात ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांची मतं ट्रम्प यांच्या आघाडीपेक्षा जास्त होती, हे क्लिंटन यांचे समर्थक अजून ऐकवतात. त्याच तीन राज्यांत लिबर्टेरियन उमेदवाराला स्टाइन यांच्यापेक्षा जास्त मतं होती. ती कुणाची खाल्ली मग? आणि तिसरा नसता तर त्याचे सगळे मतदार घराबाहेर पडले असते, हे कुणी सांगितलं?

१३. आमच्याकडे पैसा दुप्पट जमला आहे. मग घाबरायचं कशाला?

क्लिंटन २०१६ साली आणि हॅरिस २०२४ साली, दोघींकडे ट्रम्प यांच्यापेक्षा जास्त निधी होता. आपल्या माणसाचंच उदाहरण घ्या. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार यांनी २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी खिशातले जवळपास १ कोटी डॉलर ओतले आणि प्रायमरीत तिसरे आले. अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, ते निवडून आले ते २०२२ साली.

१४. मध्यावधी निवडणुकीत आमचा धुव्वा उडाला. आता अध्यक्षपदही गेलं का?

इथली मध्यावधी म्हणजे अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यात होणारी संसदेची निवडणूक. या दोन निवडणुकांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. १९९४ साली अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहात ५४ जागा गमावल्या, २०१० साली ओबामांच्या पक्षाने ६३. दोघंही दोन वर्षांनी पुन्हा निवडून आले. उलट २०२२ साली डेमोक्रॅटिक पक्षाचं अपेक्षेपेक्षा बरंच बरं झालं आणि २०२४ साली काय झालं ते सर्वांना माहीत आहे. मध्यावधीला कमी लोक मत देतात, आणि येतात ते जास्त चिडलेले किंवा जास्त नियमाने येणारे.

१५. रात्री झोपताना आमचा उमेदवार पुढे होता, उठलो तर मागे. काहीतरी गडबड आहे ना?

हा प्रश्न २०२० पासून सर्वांत जास्त येतो. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाहीत. विस्कॉन्सिनमध्येही ते काम मतदानाच्या दिवशीच सुरू होतं. २०२० साली महामारीमुळे टपाली मतं प्रचंड होती, ती पाठवणारे बहुतांश डेमोक्रॅट होते आणि ती शेवटी मोजली गेली. म्हणून पेनसिल्व्हेनियात ट्रम्प एका टप्प्यावर जवळपास ७ लाखांनी पुढे होते आणि शेवटी ८० हजारांनी हरले. फ्लोरिडात पाकिटं आधीच तयार ठेवतात, त्यामुळे तिथे निकाल त्याच रात्री. विधानसभेच्या मोजणीत अमुक फेरीपर्यंत एक पुढे आणि मग शहरी भागाची पेटी उघडली की दुसरा, हे आपण लहानपणापासून रेडिओवर ऐकलेलं आहे की.

फेरमोजणीने चित्र उलटेल का, असंही याच दमात विचारतात. फरक शेकड्यांत असेल तर आशा ठेवा, हजारांत असेल तर नाही. विस्कॉन्सिनमध्ये २०१६ च्या फेरमोजणीत ट्रम्प यांची आघाडी १३१ मतांनी वाढली. २०२० साली त्यांच्या प्रचारयंत्रणेने ३० लाख डॉलर भरून दोन काउंट्यांत फेरमोजणी करवली, त्यात बायडन यांचीच आघाडी ८७ मतांनी वाढली.

१६. इलेक्टर फुटले तर? घोडेबाजार होतो का?

फुटतात, पण अगदी क्वचित. २०१६ साली सात जण फुटले, निकाल बदलला नाही. राज्यं इलेक्टरना बांधून ठेवू शकतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. शिवाय इलेक्टर असतात पक्षाचेच जुने कार्यकर्ते. भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आमदार-खासदारांवर व्हिप चालत नाही आणि २००७ साली शिवसेनेने आघाडी बाजूला ठेवून प्रतिभाताई पाटील यांना मतं दिली होती. तशी मोकळीक इथे बहुतेक ठिकाणी उरलेली नाही.

१७. २६९-२६९ झालं तर?

मग नवं प्रतिनिधीगृह अध्यक्ष निवडतं, पण माणशी मत देऊन नाही. प्रत्येक राज्याला एक मत. कॅलिफोर्नियाच्या ५२ सदस्यांना मिळून एक आणि वायोमिंगच्या एका सदस्याला एक. जिंकायला २६ राज्यं लागतात. उपाध्यक्ष सिनेट निवडते, त्यामुळे अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा असा संसारही कागदावर शक्य आहे. प्रतिनिधीगृहाने अध्यक्ष निवडल्याची शेवटची वेळ १८२४ च्या निवडणुकीची.

१८. मतदारसंघांची फेरआखणी करून ते अध्यक्षपद पळवतील का?

प्रतिनिधीगृह पळवता येईल, अध्यक्षपद नाही. राज्याचे इलेक्टर राज्यभराच्या मतांवर ठरतात आणि राज्याची सीमा कुणाला आखता येत नाही. अपवाद मेन आणि नेब्रास्का, तिथे काही इलेक्टर मतदारसंघानुसार दिले जातात. नेब्रास्काचं ओमाहा शहर २०२० आणि २०२४ साली डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेलं, बाकी राज्य रिपब्लिकन.

काळजी करायचीच असेल तर जनगणनेची करा. २०२० च्या मोजणीत न्यूयॉर्कची फक्त ८९ माणसं कमी पडली आणि एक जागा गेली, म्हणजे एक इलेक्टरही गेला. २०२८ ला सध्याचेच आकडे लागू आहेत. २०३० च्या जनगणनेनंतर २०३२ ला ते बदलतील.

१९. आम्ही दारुण हरलो. पक्ष संपला का?

१९६४ साली गोल्डवॉटर यांना ५२ इलेक्टर मिळाले, चार वर्षांनी त्यांचाच पक्ष जिंकला. १९७२ साली मॅकगव्हर्न यांना १७ मिळाले, चार वर्षांनी त्यांच्याच पक्षाचे कार्टर आले. १९५२ पासून एकाच पक्षाने सलग तीन निवडणुका जिंकल्याचं फक्त एकदा घडलं आहे, १९८० ते १९८८. खुर्चीवर बसलेल्याचाच लोकांना लवकर कंटाळा येतो.

पराभवानंतर येणारे चिंतन अहवाल मात्र जरा जपूनच वाचावेत. २०१२ ला हरल्यावर रिपब्लिकन पक्षाने अहवाल काढला की स्थलांतरितांबाबत मवाळ व्हायला हवं. २०१६ साली नेमकं उलटं बोलणारा उमेदवार जिंकला.

२०. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे (किंवा एच-१बी). मी मत देऊ शकतो का? निदान मदत तरी?

मत अजिबात नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना चुकून नोंदणीच्या चौकटीत खूण करून बसू नका. नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे आणि देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, एच-१बीवाल्यांना तीही नाही. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून दोघंही काम करू शकतात. नागरिक झालेल्यांनी नोंदणीची मुदत पाहावी: न्यू जर्सीत २१ दिवस आधी, पेनसिल्व्हेनियात १५, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवशीही होते.

२१. निकालाच्या रात्री जागायचं का?

जॉर्जियाचं मतदान इथल्या वेळेने संध्याकाळी सातला संपतं, नॉर्थ कॅरोलिनाचं साडेसातला, पेनसिल्व्हेनियाचं आठला, विस्कॉन्सिन आणि ॲरिझोनाचं नऊला, नेवाडाचं दहाला. भारतात तेव्हा दुसऱ्या दिवशीची पहाट आणि सकाळ. म्हणजे पुण्यातले आईवडील ताज्या चहासोबत तुमच्यापेक्षा जास्त सावधपणे बघत असतात. पहिले दोन तास आलेले आकडे प्रश्न १५ डोळ्यासमोर ठेवून वाचा.

२०२० साली मी मंगळवारपासून तीन रात्री जागलो आणि शुक्रवारी रात्री कंटाळून झोपलो. शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होतो, तेव्हा पुण्याहून आईचा फोन आला. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. म्हणाली, "अरे, लागला की निकाल. तू आहेस कुठे?"